अक्काच्या खोलीतला पाहुणा

तीर्थरूप अक्कास,

धाकट्याचा कमरेत वाकून नमस्कार. (कंबर आता जेवढी वाकते तेवढाच, उरलेला तू मनाने धरून घे.) इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. तुझ्या दोन्ही गुडघ्यांची वेगवेगळी चौकशी करतो, कारण मागे मी फोनवर "गुडघे कसे आहेत" असं एकत्र विचारलं तर तू रागावलीस, की डाव्याचं नि उजव्याचं पटत नाही, त्यांना एका माळेत ओवू नकोस. तर डावा कसा आहे? आणि उजवा? औषध पोटात घेतेस ना, की बाटली खिडकीत ठेवून नुसती तिच्याकडे बघतेस? माझा खोकला गेला. चिरंजीव चष्म्याच्या दुकानात मजेत आहे, म्हणजे दिवसभर लोकांना "हे अक्षर दिसतं का" विचारतो आणि घरी आला की समोर ठेवलेला पाण्याचा तांब्या त्याला दिसत नाही. सूनबाईही मजेत. ती या क्षणी माझ्या खुर्चीमागे उभी राहून हे पत्र वाचते आहे (तिला वाटतं मला कळत नाही), तेव्हा तुला पाठ असलेल्या काही गोष्टी मी मधूनमधून खुलासेवार लिहीन. त्या तिच्यासाठी. त्या आल्या की तू चहा पिऊन घे.

तुझं कार्ड पोचलं. दोन ओळी. "तुमच्याकडे पाहुणे आले आहेत असे कळले. तेव्हा मी येत नाही, वाईट वाटून घेऊ नये." अक्का, हे काय गं? मी जन्मलो तेव्हापासून तू मला शेंबड्या म्हणालीस, मठ्ठ म्हणालीस, भर बाजारात कान धरलास, पण "तुमच्याकडे" असं परक्यासारखं कधी लिहिलं नव्हतंस. आणि वाईट वाटून घेऊ नये म्हणे! तुझी पेटी आली, तुझं शिवणयंत्र आलं, सुतळीने करकचून बांधलेली तुझी गादी आली. सगळं सामान गाडीतून उतरून तुझ्या खोलीत तुझी वाट बघत बसलंय. खिडकीला मी नवा पडदा केला, तुला आवडतो तसा खालून दुमड जास्त ठेवलेला. आणि बाईसाहेब कळवतात, मी येत नाही.

कार्ड आधी सूनबाईने वाचलं. ती म्हणाली, "पण आपल्याकडे कुठे कोण पाहुणे आलेत?" चिरंजीव म्हणाला, आत्याचं वय झालं, दुसऱ्या कुणाला लिहायचं ते आपल्याला आलं असेल. दोघेही आपापल्या कामाला निघून गेले. माझ्या मात्र तोंडचं पाणी पळालं. का, ते सूनबाई, तू नीट वाच. (अक्का, चहा.)

आमच्या वडिलांचं, म्हणजे तात्यांचं, गाद्या भरण्याचं नि खुर्च्या-कोचांना कापड चढवण्याचं दुकान होतं. तेच आता मी चालवतो. या धंद्यात एक शब्द गिऱ्हाइकासमोर तोंडातून काढायचा नाही. तो म्हणजे ढेकूण. काढला की गिऱ्हाइकाला वाटतं, ढेकूण आपल्या कोचातले नाहीत, तुमच्या दुकानातले आहेत, आणि ते चार ठिकाणी बोंबलत सुटतं. म्हणून एखाद्याच्या खुर्चीची शिवण उसवली आणि आत ती मंडळी बसलेली दिसली की तात्या हातातलं दाभण खाली न ठेवता आतल्या खोलीकडे तोंड करून गोड आवाजात ओरडायचे, "अक्का, पाहुणे आलेत गं!" मग अक्का आतून शिवणीत ओतायला उकळत्या पाण्याची किटली घेऊन बाहेर यायची. गिऱ्हाईक खूश, की काय अगत्याचं घर आहे, पाहुणे दारात दिसायच्या आत चहाचं पाणी तयार. एक सद्गृहस्थ तर "तुमच्याकडे पाहुणे यायचेत, मी कशाला अडचण" म्हणून संकोचाने उठले होते. त्यांच्याच कोचातून आलेले पाहुणे होते ते.

तेव्हा तू "पाहुणे" लिहिलंस आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. अक्का सांगते म्हणजे ढेकूण असणारच. तुझ्या नाकाची कीर्ती मला ठाऊक आहे. तात्या कोच नाकाने तपासायला तुलाच पुढे करायचे, आणि तू दारातूनच सांगायचीस, आहेत का नाहीत. मला वाटलं, मागे तू खोली बघायला आलीस तेव्हाच तुझ्या नाकाला वास लागला, भिडेपोटी बोलली नाहीस आणि घरी जाऊन कार्ड टाकलंस. अगं, मी गावभरच्या खुर्च्या झाडणारा माणूस, आणि माझ्याच घरात ढेकूण! मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

दुकानाला कुलूप लावलं आणि घरात घुसलो. प्रथम माझा पलंग. फळ्या सुट्या केल्या, खाचाखाचांतून दाभण फिरवलं. काही नाही. मग चिरंजीवाचा पलंग. तिथे त्याचे हरवलेले म्हणून सांगितलेले दोन चष्मे निघाले, ढेकूण नाही. मग बाहेरचा कोच. त्याचं कापड आमची ही होती तेव्हा तिने पसंत केलेलं. ती गेल्यापासून मी त्याला कधी सुई लावली नव्हती. तेही उसवलं, अक्का. आत काथ्या जसा भरला होता तसाच, स्वच्छ. तो परत आत दाबला आणि उठलो. तुझ्या गादीची सुतळी तेवढी सोडली नाही. दुसऱ्याची गादी मालक समोर नसताना उघडायची नाही, हा तात्यांचा नियम मी अजून पाळतो.

सगळ्या गाद्या गच्चीवर नेऊन उन्हात टाकल्या आणि काठीने बडवायला लागलो. शेजारच्या गच्चीवर आपले दंतवैद्य कपडे वाळत घालत होते. (सज्जन माणूस. त्यांच्या दवाखान्यातल्या खुर्च्या माझ्याच हातच्या आहेत. लोक त्यांत बसून इतके चुळबुळतात की टाके महिनाभर टिकत नाहीत.) त्यांनी विचारलं, एवढ्या गाद्या कशाला काढल्या? जिभेला सवय, मी बोलून गेलो, "पाहुणे आलेत." किती आहेत म्हणाले. मी म्हटलं, अजून मोजले नाहीत, पण एकदा आले की वाढतातच. राहणार आहेत का? म्हटलं, स्वतःहून कुठे जातात हो ते! त्यांचा चेहरा एकदम कनवाळू झाला. मला म्हणाले, आमच्याकडेही बायकोच्या माहेरचे असेच येतात. आणि अर्ध्या तासात त्यांच्याकडून दोन घडीच्या खाटा, सहा उशा आणि "लागेल ते मागा" असा निरोप येऊन आमच्या दारात उभा राहिला. आता सहा उशा परत कशा पाठवायच्या? पाठवल्या तर पाहुणे कुठे गेले ते सांगावं लागणार. मी त्या गुपचूप आत घेतल्या.

राहता राहिली तुझी खोली. तिथे गेलो तर खिडकीखाली एक मोठा टब. पाणी भरलेला, तळाशी वाळू, वर थोडं शेवाळ, शेजारी फडकं. मी मनात म्हटलं, बघा, सूनबाई बोलत नाही पण मनात किती असतं तिच्या. आत्यांचे गुडघे दुखतात म्हणून येण्याच्या आधीच पाय बुडवायची सोय करून ठेवली आहे. शेवाळ म्हणजे काहीतरी औषधी वनस्पती असणार. माझे डोळे भरून आले. (सूनबाई आता मागे हसते आहे. हसू दे.) दिवसभर जिने चढून-उतरून माझ्या पायांचे तुकडे पडले होते. म्हटलं, अक्काला सोसेल का ते आधी आपण बघावं. स्टूल ओढलं, विजार गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि उजवा पाय टबात सोडला.

अक्का, तू माझं रडणं पुष्कळ ऐकलंयस. पण असा आवाज माझ्या गळ्यातून आजवर निघाला नव्हता. कुणीतरी अंगठ्यात दाभण खुपसून आतून फिरवावं तसं झालं. पाय वर काढला तर अंगठ्याला एक तपकिरी, चपटं, माझ्याच अंगठ्याएवढं लांब जनावर लटकलेलं! त्याने माझ्याकडे बघितलं. (बघितलंच, शपथ.) मग सोडलं आणि डुबकन पाण्यात गेलं. मी एका पायावर घरभर. सूनबाई नुकतीच कॉलेजातून येत होती, ती पिशवी टाकून धावत आली, आणि दारातच तिने पहिला प्रश्न काय विचारला असेल? "बाबा, अंडी शाबूत आहेत ना?"

माझी नव्हे, त्याची.

तेवढ्यात शेजारून दंतवैद्यही धावत आले, त्यांना वाटलं पाहुण्यांमध्ये कुणाला काही झालं. चावल्याचं प्रकरण आहे हे कळल्यावर ते जरा खुलले, कारण निदान विषय तरी त्यांच्या खात्यातला होता. अंगठा धुऊन पट्टी बांधली. चिरंजीवाने संध्याकाळी भिंग लावून बघितलं आणि "अगदी बारीक भोक आहे" असा निकाल दिला. त्याला काय जातं म्हणायला.

मग उलगडा झाला. सूनबाई कॉलेजात तळ्या-डबक्यांतले जीव शिकवते हे तुला ठाऊक आहे. तिच्या कामाच्या खोलीला रंग लावायचा होता, रंगाच्या वासाने हा प्राणी मरेल म्हणून तिने टबासकट घरी आणला. तुझ्या खोलीत अजून कुणी राहत नाही, उजेड चांगला, म्हणून तिथे ठेवला, आणि माझ्याशी बोलायची राहून गेली. पण तुला फोन केला तेव्हा मात्र मोठ्या कौतुकाने सांगितलं, की आत्या, तुमच्या खोलीत सध्या एक पाहुणा राहिलाय, पण तुम्ही यायच्या आत त्याची दुसरीकडे सोय करते. तिला बिचारीला तात्यांच्या दुकानातली भाषा काय ठाऊक? ती साध्या मराठीत पाहुणा म्हणाली, आणि तू दुकानाच्या मराठीत ऐकलंस. मी कपाळाला हात लावला. तिला सगळं समजावून सांगितलं तर तीही कपाळाला हात लावून बसली. दंतवैद्य आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले आणि खाटा परत न मागता निघून गेले.

तेव्हा अक्का, शपथेवर लिहितो: आपल्या घरात ढेकूण नाही. जो आहे तो पाणढेकूण आहे. नाव ऐकून दचकू नकोस, नाव सूनबाईने दिलं, मला समजावं म्हणून. ती म्हणते हे दोघे लांबचे भाऊबंद आहेत. दोघांनाही चावायला दात नाहीत, सोंड आहे. टोचायची आणि ओढायचं. हे ऐकल्यावर माझं कुतूहल चाळवलं. आयुष्य एका भावाशी झुंजण्यात गेलं, दुसऱ्याची ओळख आत्ता झाली, तीही अंगठ्यातून. मग मी रोज दुकानातून आलो की स्टूल टाकून त्याच्यासमोर बसायला लागलो. (पाय वर घेऊन.)

आपला ढेकूण तुला ठाऊक आहे. एवढासा, पंख नाहीत, स्वतःचं घर नाही, दुसऱ्याच्या शिवणीत राहायचं आणि घरमालक झोपला की हळूच बाहेर यायचं. चावतो तेही इतक्या मऊपणे, की चावलं हे खाजवल्यावर कळतं. महिनोन्‌महिने उपाशी राहील, पण जागा सोडणार नाही. मी त्याला चोर म्हणत आलो. पण खरं सांगू का, थोडा आदरही आहे मनात, कारण माझ्या शिवणीत कुठे टाका सैल पडलाय हे त्याच्याइतकं कुणाला कळत नाही. पाणढेकूण अगदी उलटा. दिवसाढवळ्या पानाला धरून निवांत बसतो, पुढचे दोन पाय सांडशीसारखे वाकवून. जवळून बेडकाचं पिल्लू किंवा मासोळी गेली की झडप! आपल्यापेक्षा मोठं भक्ष्यही सोडत नाही. लपवाछपवी नाही, चोरी नाही, चावला तर असा की शेजारच्या घरात ऐकू जावं. अंगठा दुखत होता तरी मला हा माणूस आवडला. एक दिवस त्याने एक छोटा मासा पकडला तेव्हा मी "शाब्बास" म्हणून गेलो, आणि मग माशाबद्दल वाईट वाटलं.

पण खरा फरक पुढेच आहे. ढेकणीण अंडी घालते ती शिवणीत चिकटवून, आणि मोकळी होते. पुढे तुझं नशीब आणि तुझी शिवण. पाणढेकणांमध्ये मात्र बाई अंडी चिकटवते ती नवऱ्याच्या पाठीवर, आणि ती निघून जाते. मग हा बाप ती अख्खी रास पाठीवर घेऊन हिंडतो. दाटीवाटीने उभी लावलेली अंडी, कोचाच्या कडेला मी गोल डोक्याचे खिळे मारतो ना, तशी. थोड्या थोड्या वेळाने वर येऊन त्यांना हवा देतो, पुन्हा खाली जाऊन पाय हलवत पाणी खेळवतो, की ती सुकू नयेत आणि कुजूही नयेत. मी सूनबाईला विचारलं, याला पंख दिसतात, मग हा उडून का जात नाही? ती सहज म्हणाली, उडता येतं त्याला, बाबा, चांगलं लांब उडतो. पण पाठीवर पोरं आहेत तोवर पंख त्यांच्याखाली अडकलेले असतात.

मी कापडावर खुणा करायचा खडू आणायचाय म्हणून उठून बाहेर गेलो. घरात खडूचा काय उपयोग, पण तेवढंच सुचलं. अक्का, मला रडू आलं.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा मी रांगतही नव्हतो. तू तरी केवढी होतीस! मला पाठंगुळीला बांधून तू दुकानात बसायचीस, काथ्या पिंजायचीस, किटली उकळायचीस. तुझ्या पाठीवरून मी जग पाहिलं, आणि त्या जगाला तुझ्या वेणीतल्या तेलाचा आणि काथ्याचा वास होता. परिचारिकेच्या शिक्षणाला तुझी निवड झाली होती, लांबच्या शहरात. तात्या जा म्हणत होते. तू म्हणालीस, गुडघे दुखतात, एवढे जिने मला जमायचे नाहीत. तेव्हा कुठे दुखत होते गं तुझे गुडघे? मी हे माफी मागायला लिहीत नाही. (मागितली तर तू काठी घेऊन येशील. तशी तरी ये.) लहान मुलाने काय करायचं असतं, तो बसला होता पाठीवर. मी एवढंच लिहितो, की मला ते कळलंय, आणि ते मला एका किड्याने सांगितलं याची थोडी लाज वाटते.

आणि दुसऱ्या दिवशी खुर्ची भरता भरता आणखी एक गोष्ट डोक्यात आली. तू, आणि ढेकणांना भिऊन येणार नाहीस? छे! माझ्याकडे खरंच पाहुणे आलेत असं कळलं असतं तर तू पुढची गाडी धरून, किटली हातात घेऊन, दारातूनच मला शिव्या देत आली असतीस. तुला निमित्त हवं होतं. तू खोली बघायला आलीस तेव्हा उंबऱ्यात उभी राहून म्हणाली होतीस, "येते मी, पण मी तात्यांच्या भाषेतली पाहुणी व्हायची हो. एकदा शिवणीत शिरले की निघायची नाही. मग तुम्हालाच किटली आणावी लागेल." आम्ही सगळे हसलो, तूही हसलीस. आता कळतं, ते तू हसत हसत पण मनापासून बोलली होतीस. भाऊजी गेल्यापासून तू कुणाला चहा टाकायलाही सांगत नाहीस. परवा न्हाणीघरात पडलीस, तेही आम्हाला तुझ्या शेजारणीकडून कळलं.

तर आता माझं ऐक. तुझ्या भावाचं घर आहे हे, एखाद्या गिऱ्हाइकाचा कोच नव्हे. इथे तू शिवणीत लपून राहायचं नाहीस. मधोमध बस, त्या पाणढेकणासारखी, आणि कुणी जवळून गेलं की झडप घाल. चिरंजीवावर घाल, त्याला गरज आहे. माझ्यावर घाल. दारापुढच्या पायऱ्या तुला जड जातील म्हणत होतीस, तर त्याचाही विचार केलाय. मी तुला पाठंगुळीला घेईन. (दंतवैद्य मागून आधार द्यायला तयार आहेत. त्यांना अजून पाहुणे कोण ते नीटसं कळलेलं नाही, पण माणूस मदतीला तत्पर.)

सूनबाई म्हणते पत्र फार लांबलं. तिलाच खुलासे हवे होते. दोन्ही गुडघ्यांना वेगवेगळा नमस्कार सांग. निघायचा दिवस कळव, मी स्टँडवर येईन.

तुझ्या पाठीवरचा,
धाकटा

ता. क. तिकीट आणायचं राहिलं म्हणून पत्र कालचं घरातच आहे, आणि मध्ये बातमी घडली. आज सकाळी पिल्लं बाहेर आली. एकामागून एक टोपणं उघडून, फिकी, पारदर्शक, बापासारखेच सांडशीचे पाय घेऊन. मी आणि सूनबाई टबावर डोकी टेकवून बघत होतो. मी म्हटलं, बाप आता किती खूश असेल! सूनबाई म्हणाली, हो, म्हणूनच त्याला लगेच बाजूला काढायला हवा, नाहीतर तो खाईल त्यांना. तेव्हा अक्का, वरची उपमा तिथपर्यंत ताणू नकोस. तू मला कधी खाल्लं नाहीस. डोकं तेवढं खाल्लंस. पाठ मोकळी झाल्यावर सूनबाईने त्याला तळ्यात सोडला. मला वाटलं उडेल, मी वर बघत राहिलो. त्याने बुडी मारली.

आणखी एक ता. क. (हे सूनबाईच्या हातचं.) आत्या, चूक माझी. पाहुणा हा शब्द मी यापुढे या घरात काढणार नाही. टब उचलला, खोली पुसली. बाबांनी लिहिलं नाही ते मी लिहिते: तुमचं कार्ड आल्यापासून ते रोज दुकानातून आले की आधी तुमच्या खोलीत जातात आणि नसलेली धूळ झटकतात. पडद्याची दुमड त्यांनी तीनदा उसवून पुन्हा घातली. लवकर या, नाहीतर पडदा संपेल.

शेवटचा ता. क. सूनबाई बाहेर गेली आहे, दार लावून लिहितो. अक्का, वर शपथ घेतली ती मागे घेतो. टब हलवल्यावर खोली झाडताना तुझ्या गादीवरून एक ठिपका चालत गेला. मी तात्यांचा नियम मोडला आणि सुतळी सोडली. कडेची शिवण उघडली. आत आजा, पणजा, सुना, नातवंडं, सगळं खानदान! तुझ्या त्या जगप्रसिद्ध नाकाला काय झालं होतं गं? माझे डोळे आता अधू झालेत, बारीक पिल्लू मला दिसत नाही, आणि किटली कुठल्या कोनात धरायची ते मला कधीच जमलं नाही, ते तुझं काम. सूनबाईला सांगितलं नाही, नाहीतर ती त्यांनाही टबात पाळेल. तेव्हा विनंती एकच आणि ती खरी आहे. तुझे पाहुणे येऊन खोलीत बसलेत आणि घरचं माणूस मात्र घरात नाही. शोभतं का हे? ये.